अंड्याची झाक

व्हर्ना ब्रुबेकरने सूनबाई जेवायला येणार म्हणून सकाळीच चांदीचे चमचे घासायला काढले. हात लागलाच होता म्हणून नवऱ्याच्या टेबलावरचं ते काळपट नाणंही लख्ख करून ठेवलं.

हारलन खाली आला आणि मटकन खुर्चीत बसला. पणजोबांचा १७९५ सालचा डॉलर कालच घडवल्यासारखा चकाकत होता.

"अगं, काय केलंस हे!"

"किती कळकट होतं ते! दोनशे वर्षांत कुणी पुसलं नव्हतं वाटतं."

"त्या कळकटपणालाच तर मान होता, व्हर्ना!"

संध्याकाळी चर्चच्या सभागृहात नाणे-क्लबाचं प्रदर्शन होतं. हारलन क्लबाचा अध्यक्ष. गावभर लावलेल्या पत्रकांवर याच डॉलरचा फोटो होता. आता हे घासलेलं नाणं मांडलं, तर शेंबडं पोरही हसलं असतं.

चांदी पुन्हा काळी करायची युक्ती त्याला तोंडपाठ होती, पण हात कधी लावला नव्हता. सराईत माणूस गावात एकच, क्लिफर्ड नॉल. उकडलेल्या अंड्यांच्या वाफेवर नाणं काळं करून जुनेपणाची खोटी झाक आणली म्हणून गेल्या वर्षी हारलननेच त्याला भर सभेत क्लबातून काढलं होतं.

हारलन नाक मुठीत धरून त्याच्या दारात उभा राहिला. क्लिफर्डने त्याने खिशातून काढलेलं नाणं बघितलं, मग अध्यक्षांचं तोंड बघितलं.

"आत ये. अंडी आणलीस की तीही माझीच?"

गरम अंडी चिरून बरणीत ठेवली, वर जाळीवर डॉलर ठेवला आणि झाकण लावलं. दुपारपर्यंत चांदी आधी सोनेरी झाली, मग कडेने निळसर काळी. वासाने स्वयंपाकघरात मात्र बसवत नव्हतं.

संध्याकाळी फिलाडेल्फियाहून आलेल्या परीक्षकांनी भिंग लावून बराच वेळ नाणं न्याहाळलं.

"वा! ही झाक काळच देतो. माणसाच्या हातचं कामच नव्हे."

व्हर्ना बोलायला गेली, तेवढ्यात हारलनने तिचा पाय दाबला. पहिल्या बक्षिसाची निळी फीत कोटावर लागली तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

क्लिफर्ड दाराशी उभा होता. हारलन त्याच्याजवळ जाऊन पुटपुटला, "काय हात आहे रे तुझा! आजवर किती केलीस अशी?"

"हे पहिलंच."

"पहिलंच?"

"मला कुठे येत होतं? गेल्या वर्षी मला काढताना तू अंडं, बरणी, जाळी, सगळं सविस्तर सांगितलंस. लक्षात राहिलं."

"मग तुझं ते नाणं?"

"आजीच्या शिवणाच्या डब्यात काळं पडलं होतं. तेव्हाच सांगत होतो, पण तू ऐकतोयस कुठे!"

हारलनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने कोटावरची फीत काढली आणि तो मंचाकडे निघाला.

"आता कुठे?" व्हर्नाने विचारलं.

"एका सभासदाला क्लबातून काढायचंय," हारलन म्हणाला आणि त्याने माईक हातात घेतला.