मुख्यालयातून अपा बोलतेय

रविवारी दुपारी बिश्केकमध्ये सलकिन अपांच्या घरी सगळ्यांच्या ताटात खिमा भरून वाफवलेल्या मांती पडल्या, त्यांच्या जावयाने, मेलिसने, पहिली मांती तोंडात टाकली, आणि तेवढ्यात अपांचा फोन वाजला.

"आला मेला!" अपा म्हणाल्या. "सकाळपासून हेच चाललंय. घ्या, आज तुम्हीही ऐका." त्यांनी स्पीकर चालू केला आणि फोन सायीच्या वाटीला टेकवून उभा केला.

पलीकडून एक कोवळा, दबका आवाज आला, "सफरचंदं पिकली का?"

"मार्च महिन्यात?" अपा कडाडल्या. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बाहेर अजून थंडी आहे!"

पलीकडे कुणीतरी किंचाळलं, "बरोबर उत्तर आलं! अरे, मुख्यालय खरंच आहे!" आणि फोन बंद झाला.

मेलिसच्या घशात मांती अडकली. आतला रस कढत होता, पण तो काही ठसका लागायचं खरं कारण नव्हता. बुरुलने नवऱ्याच्या पाठीत दोन धपाटे घातले.

"मिरी जास्त पडली वाटतं," अपा म्हणाल्या आणि पुन्हा मूळ विषयाकडे वळल्या. "सफरचंदं, मुख्यालय, घुबडसाहेब! ही सगळी बँक लुटणाऱ्यांची भाषा आहे. आधी पोरांना पुढे करतात आणि मागून आपली पेन्शन गायब. मी उद्या पोलिसात जाणार."

"पोलिसात कशाला, अपा?" मेलिसचा आवाज चिरकला. "पोरंटोरं आहेत. दोन दिवस करतील आणि विसरतील."

"तू का एवढा घामाघूम झालास?"

"गरम आहेत ना मांती."

उरलेलं जेवण त्याने खुर्चीच्या टोकावर बसून कसंबसं उरकलं. चहा यायच्या आधीच तो दोनदा अंगणात जाऊन आला. बाहेर करण्यासारखं काही नव्हतं, पण आत फोनसमोर बसवतही नव्हतं.

घरी पोचल्यावर बुरुलने बूटसुद्धा काढू दिले नाहीत. "बोल. काय केलंयस?"

मेलिस सरकारी कचेरीत जनावरांचे आरोग्यदाखले तपासायचा. मेंढ्या निरोगी आहेत असं रोज लिहून लिहून त्याच्यातला लेखक उपाशी मरायला टेकला होता. म्हणून गेली दोन वर्षं तो जेवणाच्या सुट्टीत आणि शनिवार-रविवारी एक कादंबरी लिहीत होता. 'बिश्केकचे मनकवडे'. चार शाळकरी पोरं, चौघांकडे अद्भुत शक्ती. एकीला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं आणि मनानेच निरोपही धाडता येतो, एकाला भिंतीपलीकडचं दिसतं, जुळे भाऊ फोनशिवाय एकमेकांशी बोलतात. ही चौघं देशासाठी हेरगिरी करतात आणि त्यांचं मुख्यालय भाजीबाजाराच्या खाली तळघरात असतं. तिथले प्रमुख घुबडसाहेब, परवलीचा प्रश्न 'सफरचंदं पिकली का?' आणि त्याचं उत्तर 'बाहेर अजून थंडी आहे'. कादंबरी फेब्रुवारीत छापून आली होती. बुरुलला हे माहीत होतं. अपांना यातलं अवाक्षर माहीत नव्हतं, कारण त्याच दोन वर्षांत अपांच्या स्वयंपाकघराचं छप्पर गळत होतं, आणि ते दुरुस्त न करण्याचं कारण मेलिसने दर वेळी "कचेरीत तपासणी आहे" असं सांगितलं होतं.

"शेवटच्या पानावर मुख्यालयाचा फोन नंबर दिलाय," मेलिस म्हणाला. "तुमच्यातही शक्ती जागी झाली असेल तर फोन करा, असं. मला वाटलं, मी मनाने रचलेला नंबर आहे."

"आणि?"

"तो तुझ्या आईचा आहे."

बुरुल भिंतीला टेकली. "जगात एवढे आकडे पडलेत आणि तुला माझी आईच सापडली?"

"बोटांना तेवढाच पाठ होता गं! रोज तिला फोन लावून 'तपासणी आहे' सांगायचो ना. बोटं आपोआप गेली."

बुरुलला हसू की रडू कळेना. शेवटी ती हसली, पण हसता हसताच म्हणाली, "अपाला सांग. तिला दुसरीकडून कळलं ना, तर मी तुला ओळखत नाही."

मेलिसने सांगायच्या ऐवजी प्रकाशकाला, सापारला, फोन केला. चुकलेला माणूस आधी जवळचा रस्ता सोडून सगळे लांबचे रस्ते धुंडाळतो, तसं.

"नंबर बदल?" सापार ओरडला. "वेडाबिडा झालास का? शाळाशाळांत बोंब झालीय की मुख्यालय फोन उचलतं, परवलीचं उत्तर देतं! आणि ती बाई काय शिव्या घालते म्हणे! कुठून पैदा केलीस ती नटी? सगळी पुस्तकं संपली. दुसरी आवृत्ती कालच छापखान्यात गेली."

"त्याच नंबरासकट?"

"त्याच नंबरासकट. या वेळी मुखपृष्ठावर टाकलाय."

त्यानंतर मेलिसची झोप उडाली. कचेरीत कुणाचाही फोन वाजला की तो दचकायचा. एका गृहस्थाच्या बैलाच्या दाखल्यावर त्याने "मुख्यालय निरोगी" असं लिहून दिलं. शेवटी त्याने एक नवं सिमकार्ड विकत घेतलं. अपांना सांगायचं, जुना नंबर चोरांच्या हाती लागलाय, हा घ्या नवा, की मिटलं. खोटं होतं, पण एवढ्या खोट्यांत आणखी एक खपून गेलं असतं.

बुधवारी संध्याकाळी तो सिमकार्ड खिशात घालून अपांकडे गेला, तर टेबलाशी त्या भागाचा इन्स्पेक्टर कुबात बसला होता. तरुण, गंभीर, टोपी मांडीवर. अपांनी त्याच्यासमोर बोरसोकांचा, म्हणजे तळलेल्या फुगीर पुऱ्यांचा, ढीग आणि जर्दाळूचा मुरंबा ठेवला होता.

"या जावईबापू, वेळेवर आलात," अपा म्हणाल्या. "साहेब म्हणतात, मोठी टोळी दिसते."

"परवलीचा शब्द, सांकेतिक नावं, अल्पवयीन मुलं," कुबात म्हणाला. "ही साधी टोळी नाही, आजी. पुढचा फोन मी घेतो."

मेलिस बसला, उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला. खिशातलं सिमकार्ड त्याने इतक्या वेळा चाचपलं की कुबातने विचारलं, "खिशात काय आहे हो?"

"काही नाही. सवय आहे."

तेवढ्यात फोन वाजला. कुबातने तो उचलला, छाती पुढे काढली आणि गरजला, "पोलीस बोलतोय! कोण आहे?"

"अय्या!" पलीकडून एका मुलीचा हरखलेला आवाज आला. "म्हणजे तुम्ही पोलिसांतही आहात? घुबडसाहेब, माझी शक्ती जागी झालीय. मी गणिताच्या शिकवणीला बसलेय असं बाबांना वाटतंय, पण मी खरी..."

"मीरिम?"

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "...बाबा?"

"कुठे आहेस तू?"

"बाबा, तुम्ही घुबडसाहेब आहात?" मुलीचा आवाज भरून आला. "मला कधी बोलला नाहीत!"

कुबात लाल झाला. त्याने फोन कानाशी घट्ट धरला आणि अंगणात गेला. परत आला तेव्हा आवाज खाली उतरला होता.

"टोळी नाही, आजी. पुस्तक आहे. आमच्या घरातही तेच चाललंय, जेवताना पुस्तक, झोपताना पुस्तक. मी नुसतं मुखपृष्ठ पाहिलं होतं. मागे लेखकाचा फोटो आहे. चष्मेवाला, जरा घाबरट चेहऱ्याचा..." बोलता बोलता त्याची नजर मेलिसवर गेली आणि तिथेच थांबली.

अपांचीही नजर त्याच रस्त्याने गेली.

"मी सांगणारच होतो," मेलिस म्हणाला. आणि मग धरण फुटावं तसं त्याने सगळं सांगून टाकलं. कादंबरी, नंबर, बोटं, तपासणी. खिशातलं सिमकार्डही काढून टेबलावर ठेवलं.

कुबातने टोपी उचलली. "हा घरगुती मामला आहे," असं म्हणून तो निघाला. एवढ्या घाईने, की हातातलं बोरसोकही त्याने बाहेर जाऊन खाल्लं.

अपांनी बोरसोकांचा ढीग बाजूला सरकवला. मेलिसने शिव्यांची तयारी ठेवली होती. शिव्या आल्या नाहीत.

"म्हणजे माझ्या कढईत पाणी टपकत होतं," त्या म्हणाल्या, "तेव्हा तू भिंतीपलीकडचं बघणारी पोरं लिहीत होतास. आणि तुला स्वतःला इथलं छप्पर दिसलं नाही."

"चुकलं, अपा."

"वाच."

"काय?"

"पुस्तक. तुझ्या पिशवीत असणारच. वाच. माझं नाव खराब केलंयस, निदान कशापायी ते तरी कळू दे."

मेलिस वाचू लागला. अपा ऐकताना डोळे मिटून घेत. त्या झोपल्या असं समजून तो थांबला की "पुढे" म्हणत. तळघरातला पाठलाग संपला तेव्हा त्यांनी हात वर केला.

"एक विचारू? ही पोरं जेवतात कधी?"

"अं?"

"सकाळपासून पळतायत. भिंतीवर काय चढतायत, तारा काय तोडतायत. एकाच्याही पोटात घास नाही. यांना आया नाहीत का?"

मेलिसने पानं चाळली. खरंच, अख्ख्या कादंबरीत कुणी पावाचा तुकडाही मोडला नव्हता. तो काही उत्तर देणार, तेवढ्यात फोन वाजला. अपांनी स्पीकर लावला. एक लहान मुलगी होती. सफरचंदांचं विचारायलाही ती विसरली.

"मुख्यालय ना? माझं नाव नाझिक. मला शक्ती नाहीये. पण तुमच्याकडची ती मनाने बोलणारी ताई आहे ना, तिला माझ्या आईला एक निरोप द्यायला सांगाल का? आई मॉस्कोला आहे. कामावर असते, फोन घेत नाही."

मेलिसने मान खाली घातली. ती ताई त्याने एका कंटाळवाण्या दुपारी, सँडविच खाता खाता रचली होती.

"काय निरोप?" अपांचा आवाज एकदम वेगळा झाला.

"मला गाण्यात पहिला नंबर मिळाला."

"बरं. आज मनाच्या तारा जरा गडबडल्यात, बर्फ पडलाय ना वाटेत. तू असं कर, आईचा नंबर दे. मुख्यालय साध्या फोनवरून कळवेल. आणि ऐक, जेवलीस का?"

"नाही. आजी बाजारातून यायचीय."

"चुलीवर रस्सा आहे, झाकलेला. खरं ना?"

"हो!" मुलगी थक्क झाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"कुठली आजी पोराला उपाशी ठेवून बाजारात जाते? जा, जेव."

फोन ठेवून अपांनी मेलिसकडे बघितलं. "लाव मॉस्कोला."

मेलिसने लावला. पलीकडून कुणा दमलेल्या बाईने उचलला, आणि पुढची काही मिनिटं सलकिन अपांनी तिला, साताजन्माची ओळख असल्यासारखं, आधी झापलं, मग मुलीच्या पहिल्या नंबराचं सांगितलं. मग पलीकडे रडण्याचा आवाज आला तशा अपा म्हणाल्या, "पुरे पुरे. आधी तिला फोन कर, मग रड."

मेलिसने सिमकार्ड हळूच पुढे सरकवलं. "मग हे घालून देऊ का? आजपासून त्रास बंद."

"हात लावशील त्या फोनला तर बघ," अपा म्हणाल्या.

एप्रिलमध्ये मुलांच्या वाचनालयाने लेखकाला बोलावलं. मेलिसने इस्त्रीचा कोट घातला, भाषण पाठ केलं, आणि "मी नुसती मागे बसते" म्हणणाऱ्या अपांना सोबत घेतलं. दालन गच्च भरलं होतं. मीरिम आपल्या बाबांचा हात धरून पहिल्या रांगेत होती आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यांच्याकडे बोट दाखवून "घुबडसाहेब" असं कुजबुजत होती. कुबात मात्र नाकारायचं सोडून मिशीत हसत होता.

मेलिसने घसा खाकरला. "मित्रहो, अद्भुत शक्ती म्हणजे..."

"तू, निळ्या टोपीवाल्या!" मागून अपांचा आवाज आला. "नाक पूस. आणि त्या पोरीला बसायला जागा दे."

सारं दालन गर्रकन मागे वळलं. तो आवाज कुणाचा, ते कुणालाही सांगावं लागलं नाही.

"मुख्यालय!" कुणीतरी ओरडलं, आणि पुढचं सगळं मेलिसने एका कोपऱ्यातून पाहिलं. पोरांनी अपांना उचलल्यासारखंच टेबलापाशी आणलं. त्या बसल्या, पिशवीतून बोरसोकांचा डबा काढला आणि म्हणाल्या, "एकेक जण या. ढकलाढकली केलीत तर मला कळतं हं, पाठ असली तरी."

रांग दारापर्यंत गेली. मेलिस बराच वेळ हात मागे बांधून उभा होता. शेवटी एक मुलगा पुस्तक छातीशी धरून त्याच्याकडे धावत आला. मेलिसचा चेहरा खुलला. त्याने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, कोट सरळ केला.

"नाव काय तुझं?"

"काका, ते पेन देता का जरा?" मुलगा धापा टाकत म्हणाला. "अपांचं पेन संपलंय."