‘थे’ की ‘शे’

धुळ्याच्या एका गल्लीत लिलाबाईंच्या घराला दार एकच होतं, आणि शेजारच्या धनसिंगने नेमकी त्या दारापुढेच भिंत बांधायला घेतली. मुलगी शिल्पा बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. लिलाबाईंनी कोर्टात धाव घेतली. हुकूम हातात पडेपर्यंत भिंत कमरेपर्यंत आली होती. हुकूम होता ‘जैसे थे’.

अशा शब्दांचे सोपे अर्थ जनतेला सांगावेत म्हणून शहरात ‘विधिसंज्ञा सुलभीकरण कक्ष’ उघडलेला आहे. तिथल्या योगेंद्र साहेबांनी सोपा अर्थ सांगितला, “वादग्रस्त मिळकतीच्या विद्यमान स्थितीत उभय पक्षांनी फेरबदल न करणे.”

“आजून सोपं सांगा, भाऊ,” हुकूम घेऊन आलेल्या लिलाबाई म्हणाल्या.

“भिंत आहे तशी राहील.”

“आशी कशी? थे म्हंजे व्हतं. पहिले आठे भिंत नव्हती, बठ्ठा गल्लीले माहीत शे. व्हतं तसं करा ना! आते शे तसं ठेवानं व्हतं, तं ‘जैसे शे’ लिखानं व्हतं.”

अहिराणीतलं ‘शे’ म्हणजे ‘आहे’, हे साहेबांना ठाऊक होतं, तरी ते गडबडले. कक्षापुढे व्याकरणाची अडचण प्रथमच आली होती. त्यांनी ‘थे’ या शब्दाच्या काळाबाबत वरिष्ठांचा अभिप्राय मागवला आणि तो येईपर्यंत अर्थही जैसे थे ठेवावा, असा शेरा मारला.

शिल्पाला भिंत ओलांडून दवाखान्यात जाता यावं म्हणून लिलाबाईंनी भिंतीलगत स्टूल ठेवलं. धनसिंगने कक्षाकडे तक्रार केली, हुकमाच्या दिवशी स्टूल नव्हतं. या तक्रारीत व्याकरणाची चूक नसल्याने तिची तातडीने दखल घेतली गेली. स्टूल जप्त झालं.

एका दुपारी शिल्पाला कळा सुरू झाल्या. रिक्षा भिंतीपलीकडे उभी राहिली. गल्ली गोळा झाली. चौघांनी नेट लावला असता तर ती कच्ची भिंत आडवी झाली असती.

“आरे, कोनी हात लावा रे! मनी पोर मरी जाई!” लिलाबाई आक्रोश करत होत्या.

“कोर्टनं काम शे, अक्का,” समोरचा किराणा दुकानदार पुना म्हणाला. “आपन कसाले मधमा पडानं?” बाकीचे मोबाईलवर व्हिडिओ काढण्यात गुंतले होते. लाज नावाची वस्तू त्या गल्लीत कुणाकडेच शिल्लक नव्हती.

शिल्पा घरातच, फरशीवर बाळंत झाली. दोघं वाचली, हे तिचं नशीब. दुसऱ्याच दिवशी धनसिंगचा अर्ज आला: घरात एक माणूस वाढलं, स्थितीत बदल झाला, कारवाई व्हावी.

योगेंद्र साहेब पंचनाम्याला आले. भिंत आधी होती का, असं त्यांनी गल्लीला विचारलं. एकेक जण मान खाली घालून म्हणाला, “आपल्याला काय करायचंय, साहेब?” साहेबांनी प्रत्येकाचं उत्तर लिहून घेतलं, आणि लिहिता लिहिता त्यांचा चेहरा खुलला. वरिष्ठांच्या अभिप्रायाची आता गरजच उरली नव्हती.

कक्षाच्या नव्या पुस्तिकेत ‘जैसे थे’ या शब्दापुढे सोपा अर्थ छापून आला आहे: ‘आपल्याला काय करायचंय?’ तो कळला नाही, अशी तक्रार आजवर एकाही नागरिकाने केलेली नाही. तुम्हालाही तो समजावून सांगावा लागला नाही.