ट्रॉलीतलं फुलपात्र

आमच्या गावातून, म्हणजे तिसगावातून, भरलेली ट्रॉली माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, पाणी पाहिल्याशिवाय बाहेर पडत नसे. माल भरून झाला की ते ट्रॉलीत काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवत आणि गुडघे टेकून त्याच्याकडे बघत बसत. पाणी मागच्या काठावरून सांडलं तर म्हणत, "नाक वर करून चाललीय. सासरी टिकायची न्हाई." पुढून सांडलं तर, "लई लाजती." मग चाकांना दगड, दांडीखाली जॅक, आणि ट्रॅक्टरचा हूक एक भोक वर नाहीतर खाली.

ट्रॉली रिकामी असतानाच हूक ठरवा, असं ड्रायव्हर विनवत. तात्या विचारत, "उपाशी मानसाच्या मापाचा सदरा शिवत्यात व्हय?" एकाने घाईत ते पाणीच पिऊन टाकलं. तात्या घरी जाऊन दुसरं भरून घेऊन आले.

दसऱ्यानंतर ऊसतोडीची बिऱ्हाडं निघाली की तात्यांना जेवायलाही फुरसत नसे.

मी नगरला प्राध्यापक झालो. सामान हलवायला कॉलेजातले दोघे मित्र आले होते. तात्यांनी तीनदा हूक बदलायला लावला. मी वैतागलो. म्हणालो, पुस्तकंच आहेत, सरकली तर सरकली.

"पुस्तकांचं न्हाई रे. ऊसतोडीला जाताना तू ह्यातच निजायचास. तान्हा हुतास. चढाला एकदा मागं घसरलास. तवापासनं बघतो."

वडील सरकारी नोकरीत होते, असं मी कॉलेजात सांगून ठेवलं होतं. मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने हळूच विचारलं, हे कोण?

"गावातले आहेत एक," मी म्हणालो.

तात्या फुलपात्र पुसत होते. त्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून ते मला 'सर' म्हणू लागले. "या सर, बसा सर." घरच्यांना ती थट्टा वाटायची. मीही हसायचो.

गेल्या महिन्यात तात्या गेले. अग्नी मळ्यात द्यायचा होता आणि मळा लांब, म्हणून त्यांना ट्रॉलीत ठेवलं. ड्रायव्हर बाहेरगावचा होता. त्याने हुकात पिन घातली, तेव्हा मी त्याला थांबवलं, घरातून फुलपात्र भरून आणलं आणि तात्यांच्या पायाशी ठेवलं. पाणी मागे सांडलं. हूक एक भोक खाली घ्यायला सांगितला. मंडळी उन्हात ताटकळली.

जॅक लावता लावता ड्रायव्हरने विचारलं, "सर, ह्ये कोन तुमचे?"

"चुलते," मी म्हणालो. "सख्खे."

आवाज इतका बारीक निघाला, की त्याने पुन्हा विचारलं.