जिथे बघण्यासारखं काही नाही

"मला अशी एक जागा हवी आहे," मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "जिथे बघण्यासारखं काहीही नाही. काही म्हणजे काहीही नाही."

"आमची गल्ली," डॉक्टर म्हणाला.

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर इतक्या तत्परतेने त्याने आजवर कधीच दिलं नव्हतं. त्यामुळे मॅडमनी चष्मा घातला आणि हा आपलाच विद्यार्थी आहे ना, याची एकदा खात्री करून घेतली.

डॉक्टर अजून डॉक्टर झालेला नव्हता. पर्यटन विभागात पीएचडीसाठी त्याने नाव नोंदवलं त्याच आठवड्यात गल्लीने उत्साहाच्या भरात त्याला ही पदवी देऊन टाकली होती. विद्यापीठ मात्र अजून विचार करत होतं. मधल्या काळात शेजारचे काका त्याला आपला गुडघा दाखवून गेले होते आणि गोळी दिली नाही म्हणून रागावलेही होते. त्याच्या प्रबंधाचा विषय होता, माणसं एखाद्या ठिकाणी फिरायला का जातात. त्याचं उत्तर असं होतं की, तिथे बघण्यासारखं काहीतरी असतं म्हणून जातात. हे एका वाक्याचं म्हणणं त्याने उशीला घेता येईल एवढ्या जाडीच्या प्रबंधात मांडलं होतं. तलावावरची गर्दी मोजून झाली होती, जुन्या मनोऱ्यावरची मोजून झाली होती. आता उलटी बाजू सिद्ध करायची राहिली होती. जिथे काही नसतं तिथे कुणी फिरकत नाही, एवढं एकदा दाखवलं की सुटला.

"ही मुदतवाढ शेवटची," मॅडम म्हणाल्या. "बाहेरचे परीक्षक स्वतः जागा बघायला येणार आहेत. हे प्रकरण कोसळलं तर तुमची नोंदणी रद्द होईल. मग ती कॉलेजातली कायम नोकरीही विसरा."

"मॅडम, तुम्ही निश्चिंत राहा. आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा कंटाळून निघून जातं."

यात अतिशयोक्ती नव्हती. गल्ली एका बाजूने बंद होती. ती जिथे संपायची तिथे डॉक्टरच्याच घराची भिंत आडवी उभी होती. दार बाजूला, वर छोटासा सज्जा, आणि बाकी नुसती रंग उडालेली भिंत. तिच्या मधोमध ओलीचा एक मोठा डाग होता.

या डागावरून घरात रोज एक संवाद होत असे.

"अरे, बघ तरी एकदा," बायको म्हणायची. "वरच्या बाथरूमचा पाइप गळतोय. ओल पार दारापर्यंत उतरली."

"प्रबंध झाला की बघतो."

"तोवर भिंत राहिली तर बघशील."

"हो," डॉक्टर मान वर न करता म्हणायचा. ती काय म्हणाली ते त्याने ऐकलेलं नसायचं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने काम सुरू केलं. मोजणी काटेकोर व्हायला हवी म्हणून त्याने गल्लीत दोन्ही बाजूंनी दोरी बांधली, म्हणजे येणारा माणूस मधूनच येईल. भिंतीपुढे चुन्याची पांढरी रेघ मारली. इथवर आला तो आला, असं धरायचं. भिंतीकडे तोंड करून तिकाटण्यावर कॅमेरा लावला. मग रेघेशेजारी खुर्ची टाकून, हातात आकडे मोजायचं यंत्र घेऊन तो बसला. कुणी येणार नव्हतंच, त्यामुळे त्याने सोबत वर्तमानपत्र घेतलं होतं.

त्याचा अग्रलेखही वाचून झाला नव्हता, तोच हातात भाजीची पिशवी घेतलेला एक माणूस दोरीतून चालत आला आणि बरोबर रेघेवर उभा राहिला.

"काय आहे हो इथे?"

"काही नाही."

"मग दोरी कशाला बांधलीय?"

"लोक येतात का ते बघायला."

"येतात?"

"नाही."

"मी आलो ना."

डॉक्टरने नाइलाजाने यंत्राचं बटण दाबलं. माणूस बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. मग कॅमेऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा भिंतीकडे. "सांगायचं नसेल तर नका सांगू," असं म्हणून तो गेला आणि थोड्या वेळाने मेहुण्याला घेऊन आला.

डॉक्टर जे सांगत होता ते शंभर टक्के खरं होतं, आणि नेमकी तीच अडचण होती. खुर्ची, दोरी, कॅमेरा आणि एक शिकलेला माणूस, एवढा सरंजाम मांडून कुणी 'काही नाही' म्हणालं तर त्यावर कोण विश्वास ठेवणार? दोन दिवसांत गल्लीच्या तोंडाशी घोळके दिसायला लागले. त्यात मग पाठीवर पिशव्या अडकवलेली तरुण मुलं आली. ती काही विचारत नव्हती, थेट भिंतीला पाठ लावून फोटो काढत होती.

"तुम्हाला इथला पत्ता दिला कुणी?" डॉक्टरने एका मुलीला विचारलं.

"कुणी म्हणजे? सगळीकडे फोटो फिरतोय की या भिंतीचा. काका, जरा बाजूला व्हाल? तुमची खुर्ची फ्रेममध्ये येतेय."

आता ओलीच्या डागात लोकांना काय काय दिसायला लागलं. कुणाला जहाज, कुणाला टोपीवाला माणूस, कुणाला पाठमोरी बसलेली बाई. जहाजवाले आणि टोपीवाले यांच्यात तर एकदा चांगलीच जुंपली. ती सोडवायला डॉक्टर मध्ये पडला आणि म्हणाला, "ओल आहे ती! पाइप गळतोय माझा!" त्यावर दोन्ही बाजू एक झाल्या आणि त्याला म्हणाल्या, "तुम्हाला दिसत नसेल तर गप्प बसा ना."

घरातली माणसं तरी आपल्या बाजूला असतील अशी त्याची समजूत होती. तीही खोटी ठरली. आई पाण्याचा जग आणि पेले घेऊन रेघेपाशी उभी राहायला लागली.

"आई, तू आत जा बघू!"

"का म्हणून? एवढ्या लांबून आलेल्या माणसाला 'काही नाही' सांगून परत पाठवायचं? आपल्या घराची अशी रीत नाही." आणि लगेच पाहुण्यांकडे वळून, "हा डाग माझं लग्न व्हायच्या आधीपासूनचा आहे. सासूबाई सांगायच्या, तेव्हा एवढासा होता."

"आई! पाइप परवा-परवा फुटलाय!"

"तो मुलगा आहे माझा," आई पाहुण्यांना समजुतीच्या सुरात म्हणाली. "अभ्यास करून करून असा झालाय."

शेजारच्या काकांनी आपली गच्ची उघडली. वरून बघितलं की जहाजाची शिडंसुद्धा दिसतात, असं ते सांगत. दुखऱ्या गुडघ्याने दिवसातून कितीदा जिना चढत होते, त्याची त्यांनाही शुद्ध नव्हती.

डॉक्टरने मग एक मोठी पाटी रंगवली: 'येथे बघण्यासारखे काहीही नाही.' ती भिंतीवर ठोकली आणि समाधानाने हात झटकले. संध्याकाळपर्यंत लोक भिंतीपेक्षा पाटीबरोबर जास्त फोटो काढत होते. मग त्याने ओरडून बघितलं. त्यावर ऑनलाइन अभिप्राय आला, 'जागा अप्रतिम. मालक रागीट, पण त्यामुळे अनुभव अस्सल वाटतो.' दोरी सोडली, तर लोकांनी वर्गणी काढून नवी बांधली. डॉक्टरच्या हातातलं मोजणीचं यंत्र आता आकडा मावेना म्हणून पुन्हा शून्यावर जात होतं. तलावावर जेवढी माणसं त्याने आख्ख्या वर्षात मोजली नव्हती, तेवढी त्याच्या दारात उभी होती. एक दिवस त्याला घरात शिरतानाच कुणीतरी दंडाला धरून मागे ओढलं आणि खडसावलं, "रांगेत या."

मॅडमचा फोन आला. "परीक्षकांची तारीख ठरली. जागा तयार आहे ना?"

"हो मॅडम," डॉक्टर म्हणाला. "अगदी शांत आहे."

"मग हा गोंगाट कसला?"

"टीव्ही आहे."

फोन ठेवल्यावर तो डोकं धरून बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्या डागाचा मनापासून विचार केला. लोक डाग बघायला येतात. डाग ओलीमुळे आहे. ओल पाइपमुळे आहे. पाइप बदलला तर डाग जाईल, डाग गेला तर लोक जातील, आणि गल्ली पुन्हा पहिल्यासारखी भिकार होईल!

"प्लंबरला बोलाव!" तो स्वयंपाकघरात जाऊन ओरडला. "आत्ताच्या आत्ता!"

"बरं," बायको म्हणाली. तिने शांतपणे गॅस बंद केला आणि फोन उचलला.

प्लंबर आला, त्याने फरशी उकरली, कुजका पाइप काढून नवा घातला. बायको शेवटपर्यंत त्याच्या डोक्यावर उभी होती. भिंतीला ऊन लागायला लागलं तसा डाग कडेने वाळायला लागला. टोपीवाल्याची टोपी गेली, जहाजाचं टोक गेलं. डॉक्टरने कित्येक दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

आणि गच्चीवरून काकांनी घोषणा केली, "डाग चाललाय होऽ! ज्यांना बघायचाय त्यांनी बघून घ्या!"

वितळणारे हिमनग, बुडत चाललेली बेटं, संपत आलेले प्राणी बघायला जगभरची माणसं जिवाच्या आकांताने धावतात. याला अभ्यासक 'शेवटच्या संधीचं पर्यटन' म्हणतात. डॉक्टरने आपल्या दुसऱ्या प्रकरणात त्यावर पानंच्या पानं लिहिली होती. ती लिहिताना हे आपल्या बाथरूमलाही लागू पडेल, असं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. आता गर्दी गल्लीत मावेना. पूर्वी येऊन गेलेले पुन्हा आले, मुलाबाळांना दाखवायला घेऊन आले. एक आजोबा तर डोळे पुसत म्हणाले, "आमच्या वेळी केवढा होता!" ते आदल्याच आठवड्यात पहिल्यांदा आले होते.

परीक्षक आले ते रांगेतूनच. काटकुळे, कोरड्या चेहऱ्याचे गृहस्थ, आणि मागे मॅडम. मॅडमचा चेहरा बघून डॉक्टरने मोजणीचं यंत्र पाठीमागे लपवलं. रेघेपाशी आईने दोघांनाही पाणी दिलं आणि सासूबाईंची हकीकत सांगितली. परीक्षकांनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"बघण्यासारखं काही नाही, ती जागा हीच?"

"हो सर. म्हणजे होती."

परीक्षक भिंतीच्या अगदी जवळ गेले. डाग पार वाळून गेला होता. "मला तर इथे काहीच दिसत नाही."

"काहीच नाही, सर!" डॉक्टरला गहिवरून आलं. इतक्या दिवसांत त्याचं म्हणणं मान्य करणारा हा पहिला माणूस होता.

"मग हे सगळे काय बघताहेत?"

आणि डॉक्टरचा बांध फुटला. "एकमेकांना बघताहेत, सर! मी दोरी बांधली म्हणून एक थांबला. तो थांबला म्हणून दुसरा. ते दोघं बघत होते म्हणून तिसरा! गर्दी आहे म्हणून फोटो काढतात आणि फोटो आहे म्हणून गर्दी करतात! भिंतीचा यात काही संबंध नाही! मी नाही म्हटलं, पाटी लावली, ओरडलो, भिंत कोरडी केली! आता घर पाडू का?"

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"हे तुमच्या प्रबंधात कुठल्या पानावर आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"कुठेच नाही, सर."

"तुमच्या प्रबंधात जे आहे ते मी वाचलंय. प्रवासात मला त्याने फार गाढ झोप लागली. तो बाजूला ठेवा आणि हे लिहा. नोंदणी रद्द होणार नाही, मी बघतो." डॉक्टर खुर्चीत कोसळला. सगळी प्रकरणं पुन्हा लिहायची या विचाराने रडावं की नोकरी वाचली म्हणून हसावं, हे त्याला कळेना. परीक्षक जाता जाता वळले. "एक मात्र शोधून काढा. दोरीमुळे गल्लीतले थांबले, कबूल. पण बाहेरचे लोक आले ते फोटोमुळे. तो पहिला फोटो कुणी टाकला, आणि कशासाठी? त्याशिवाय अभ्यास पुरा होणार नाही." मग त्यांनी मॅडमच्या हातात आपला फोन दिला आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

त्या संध्याकाळी डॉक्टर फोनवर मागे मागे जात राहिला. शेकडो फोटो मागे टाकल्यावर तो पहिला फोटो सापडला. खाली एवढंच लिहिलं होतं, 'बघा तरी एकदा.' फोटो वरून, तिरका घेतलेला होता. असा कोन फक्त एकाच जागेवरून मिळत होता. कोपऱ्यात सज्ज्याच्या कठड्यावर एक हिरवा टॉवेल वाळत होता, इस्त्रीचा डाग पडलेला.

तो फोन घेऊन स्वयंपाकघरात गेला.

"हा टॉवेल माझा आहे."

"मग घे की. कधीचा वाळलाय."

"तू टाकलास हा फोटो?"

"हो."

"अगं, माझी पदवी जात होती! नोकरी जात होती!"

"गेली का?"

"नाही."

"आणि ओल?"

ओल गेली होती. बायको ओट्यावरून फडका फिरवत राहिली. "किती महिने दाखवत होते तुला. तू मान वर करून बघितलं नाहीस कधी. म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी दाखवावं. किती मनापासून बघतात रे लोक! एका बाईने खाली लिहिलं होतं, 'अहो, फारच ओल आहे, त्रास होत असेल ना तुम्हाला?' कुठली कोण ती. मला रडूच आलं."

डॉक्टरला फार काही बोलायचं होतं. रागावायचं तर होतंच, पण राग ठेवायला कुठे जागाच सापडेना. तो स्टूल ओढून बसला.

"मग पहिला फोटो टाकण्यामागचा हेतू काय लिहू?" त्याने पडेल आवाजात विचारलं.

"लिही, नवऱ्याने बघावं म्हणून." तिने फडका पिळून वाळत टाकला. सिंकमध्ये ठेवलेल्या पातेल्यात वरचा नळ थेंब थेंब गळत होता. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं, हात पुसले, आणि फोन उचलून कॅमेरा नळाकडे वळवला.

"थांब!" डॉक्टर म्हणाला. प्लंबरला लावलेला फोन तोवर त्याच्या कानाला होता.