कुंडीतलं तरतरीत गांडूळ

सुट्टीच्या सकाळी नवऱ्याने ठरवलं, बाल्कनीतल्या कुंड्यांची माती मोकळी करायची. तेवढंच ठरवलं. (त्याऐवजी चहाचा कप विसळायचं ठरवलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.) पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वारी खुरपं घेऊन बसली आणि थोड्या वेळाने तळहातावर काळं, चकचकीत काहीतरी मिरवत स्वयंपाकघरात आली.

"बघ, आपल्या मातीत गांडूळ झालं. कसं तरतरीत आहे."

बायको भांडी पुसत होती. तिने एक नजर टाकली. "गांडूळ जीभ काढतं का हो?"

त्याने वाकून पाहिलं. जीभ निघालेली होती, आणि ती त्याच्याकडेच बघून. त्याने हात झटकला आणि दुसऱ्या क्षणी तो स्टुलावर होता.

"कुठे टाकलात?"

"मी नाही टाकला. तो गेला."

बायकोने भावाला फोन लावला. तो साप पकडायला जातो.

"बुटाच्या नाडीएवढा? तोंड कुठलं, शेपूट कुठलं कळत नाही?" भावाने विचारलं.

"जीभ काढेपर्यंत नाही कळलं."

"मग वाळा आहे, ताई. आंधळा असतो बिचारा. मुंग्यांची अंडी खातो. विष नाही, आणि चावायचं म्हटलं तरी तोंड पुरणार नाही. आलोच."

बायकोचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याचा स्टुलावरच राहिला.

"उतरा," ती म्हणाली. "साप चालेल, पण तो कुठे आहे ते मला कळलं पाहिजे. नाही सापडला तर संध्याकाळी सगळ्या कुंड्या फेकून देईन."

आता आली पंचाईत. ऑफिसात त्याचं कोणी ऐकत नाही, घरात तर नाहीच. झाडं तेवढी ऐकून घेतात. उतरला बिचारा. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात चिमटा. फ्रिज सरकवला, डबे हलवले, सोफ्याखाली डोकं घातलं. हरवलेला रिमोट सापडला, साप नाही.

मेहुणा आला तो दारातच थांबला. "दाजी, हलू नका."

(दाजींनी हातातला चिमटाही खाली ठेवला नाही.)

मेहुण्याने वाकून, काळं टोक डोकावत होतं ती पँटची दुमड अलगद उलगडली. मूठभर माती पडली, आणि मातीतून वाळा. त्याने तो ओंजळीत घेऊन कुंडीत सोडला, तसा तो सरसर आत शिरला.

नवऱ्याने दुसऱ्या पायाची दुमडही उलटून पाहिली. "म्हणजे मी त्याला घरभर..."

"फिरवून आणलंत," बायको म्हणाली.

"कुंड्या राहतील ना?"

"राहतील. डोळे नसूनही त्याला माती सापडली, आणि तुम्हाला टॉर्च घेऊन स्वतःचा पाय सापडला नाही. उद्या काही हरवलं तर शोधायला घरात कोणीतरी नको का?"