कंस, कटकट आणि डबा

मी रागीट नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ऑफिसात मला ‘तोफखाना’ म्हणतात आणि ते तुमच्या कानावर आलं असेल. मी स्पष्ट बोलतो, एवढंच! आणि ज्या गाढवांना स्पष्ट बोलणं म्हणजे राग वाटतो, त्यांच्यावर मी कशाला चिडू?

आमचा पंख्यांचा कारखाना. तक्रार विभागात बावीस वर्षं मी एकटा. पत्र आलं की त्यावर तारीख आणि वेळेचा शिक्का मारायचा, तिथल्या तिथे वाचायचं आणि शेरा द्यायचा: ‘खरी’ किंवा ‘कटकट’. खरी असेल तर दुरुस्तीवाला जातो, कटकट असेल तर पत्र फायलीत जातं. आजवर माझा एक शेरा बदलायची कुणाची हिंमत झाली नाही! आणि एके दिवशी साहेब म्हणतात कसे, “हे काम आता यंत्र शिकणार. बाहेरची कंपनी करून देतेय. तुम्ही गोडाउन बघा.”

“गोडाउन? मी? साहेब, यंत्राला माझं काम मीच शिकवतो! महिनाभर द्या. जमलं तर ही खुर्ची माझी, नाही जमलं तर आपल्या पायांनी गोडाउनला जातो!”

“ठरलं,” साहेब म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

माझी भाची कॉम्प्युटर शिकते. तिला गाठलं. “यंत्राला अक्कल शिकवायची सगळ्यात जुनी भाषा कुठली?”

“लिस्प. पण मामा, हल्ली त्यासाठी कुणी…”

“गप गं! जुनं ते सोनं!”

सोनं कसलं डोंबलाचं! नुसते कंस! दोन आणि तीन मिळवायचे तर कंस उघडा, आधी अधिकचं चिन्ह टाका, मग दोन, मग तीन, मग कंस मिटा. शाळेत चिन्ह मध्ये लिहायचो, त्यात कुणाचं घोडं मारलं होतं? बरं, एका कंसाच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा, आणि शेवटी सगळे एकदम मिटायचे. एक कंस जास्त पडला की यंत्र बोंब मारतं. एक कमी पडला तर काहीच बोलत नाही. नुसतं बघत बसतं! पाऊण तास मी त्याच्याकडे बघतोय, ते माझ्याकडे बघतंय.

“मामा, आठ कंस पाहिजेत. तुम्ही सातच मिटलेत.”

“सातात काय वाईट आहे? मी म्हणतो सात पुरेत!”

“तुम्ही म्हणून काय उपयोग? ते थांबलंय ना!”

मी लिस्पचं पुस्तक भिंतीवर फेकलं. बायको स्वयंपाकघरातून आली, पुस्तक उचललं, पदराने पुसलं आणि म्हणाली, “आधी जेवून घ्या.”

इथे माझी खुर्ची चाललीय आणि हिला जेवणाचं पडलंय! चिडून दोन घास जास्तच खाल्ले. हात धुऊन येऊन बसलो, तर आठव्या कंसाची जागा समोरच दिसली. पण तो योगायोग.

तीन आठवडे असा जीव आटवला. मग जुनी सहाशे पत्रं घेतली. प्रत्येक पत्राची एक यादी: उद्गारचिन्हं किती, शब्द किती, पंखा किती जुना, शिक्क्याची वेळ आणि शेवटी माझा शेरा. माझा शेरा कुठल्या रकान्यावरून ओळखता येतो, ते यंत्राने आपलं आपण शोधायचं. पाचशे पत्रांवर शिकवलं, उरलेल्या शंभरांवर परीक्षा घेतली. शंभरात चौऱ्याण्णव बरोबर! मी खुर्चीवर उभा राहिलो!

भाची म्हणाली, “मामा, त्याने कुठला रकाना पकडलाय ते एकदा बघा ना.”

“मला शिकवतेस? चौऱ्याण्णव म्हणजे चौऱ्याण्णव!”

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा. “बरं,” ती म्हणाली, “जेवल्यावर सांगते.” जेवल्यावर मी झोपलो.

महिना भरला. साहेबांनी कपाटातून स्वतःच्या हाताने एक जुनं पत्र काढलं. ‘चालू पंखा छतावरून निसटला. टेबल मोडलं, थोडक्यात वाचलो.’ शिक्का अकरा वीसचा. आकडे यंत्रात घातले. यंत्र म्हणालं: कटकट!

साहेबांनी दुसरं काढलं. ‘पंख्याचा रंग पडद्यांना शोभत नाही.’ शिक्का अडीचचा. यंत्र म्हणालं: खरी!

“यंत्र बिघडलंय तुमचं,” साहेब म्हणाले.

माझं डोकंच फिरलं! महिनाभर कंस मोजले ते काय यासाठी? “बिघडलेलं नाही! पत्रांच्या मागे माझा शेरा बघा! शब्दाला शब्द जुळेल!”

साहेबांनी पत्रं उलटली. टेबल मोडलेल्या बिचाऱ्याच्या मागे माझ्याच वळणदार अक्षरात ‘कटकट’. पडदेवाल्याच्या मागे ‘खरी’, आणि खाली नोंद: दुरुस्तीवाला रंगाचा डबा घेऊन गेला.

“यंत्राला नियम काय सापडला ते छापा,” साहेब म्हणाले.

एकच ओळ आली. शिक्का एकच्या आधीचा असेल तर कटकट, नंतरचा असेल तर खरी.

“एक वाजता काय होतं तुमच्याकडे?”

“काही नाही,” मी म्हणालो. “डबा खातो.”

साहेबांनी त्या ओळीखाली पेनाने रेघ मारली. मग म्हणाले, “यंत्र छान आहे. त्यातला वेळेचा रकाना काढून टाकला की झालं. तुमच्यातला कसा काढायचा?”

सोमवारपासून गोडाउन!

घरी येऊन चप्पल भिरकावली आणि बायकोला सगळं एका दमात सांगितलं. तिला काही धक्काबिक्का बसला नाही. “अहो, लग्न झाल्यापासून मी तुम्हाला जेवायच्या आधी काही विचारते का?” ती म्हणाली. “एवढ्यासाठी इतके कंस कशाला मोजलेत? मला विचारायचं!”

“मी जेवणार नाही!” मी ओरडलो. “त्या गोडाउनमध्ये पाऊल ठेवणार नाही! उद्याच राजीनामा तोंडावर फेकतो!”

“फेका. पण आधी जेवून घ्या.”

जेवलो. आणि आता तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नका: जेवल्यावर विचार केला, तर गोडाउन तसं बरंच हवेशीर आहे.