म्हाळाच्या पानावर मोर

सट्ट करून गोफण वाजायची आणि मागोमाग बापाची हाळी यायची. लहानपणी मसुरे गावच्या मळ्यात ऐकलेला तो आवाज सहदेवच्या कानातून दिल्लीतही गेला नव्हता. बापाचं निम्मं आयुष्य नाचणीवरचे मोर हाकलण्यात गेलं होतं.

सहदेव दिल्लीला सरकारी हापिसात शिपाई. साहेबांना पक्षी बघायचा नाद. रविवारी पहाटे यमुनेकाठी साहेब पुढे आणि डबा घेऊन सहदेव मागे. त्रेसष्ट साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला, त्या आनंदात साहेबांनी त्याला आपली जुनी दुर्बीण देऊन टाकली. ती गळ्यात घालूनच तो पितृपक्षात वारलेल्या बापाच्या म्हाळाला गावी आला. (जेवतानाही काढत नसे. एकदा सोलकढीत बुडाली.)

म्हाळाच्या दिवशी त्याच्या आईनं, यशोदेनं, वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबारं असं पान वाढून परसातल्या दगडावर ठेवलं. कावळा शिवेपर्यंत घरात कुणी जेवायचं नाही. आई तर कालपासून उपाशी.

"आये, तू भितुर बस," सहदेव म्हणाला. "पक्षी बघुचा काम माझा. दिल्लीक शिकान इलंय."

तो माडाआड दबा धरून बसला. दुर्बिणीत कावळा काही येईना. आली ती एक लांब निळी मान. पिसारा झडलेला मोर कुंपणावरून उतरला आणि सरळ वड्यांना भिडला.

बायको सुगंधा खराटा घेऊन धावली. सहदेवनं तिचा हात धरला.

"मारू नको गो. राष्ट्रीय पक्षी आसा तो. माझी नोकरी जातली."

"ह्यो? ह्येच्या शेपटीपेक्षा माझो खराटो बरो."

"हळू बोल. साहेब म्हणतत, पक्ष्यासमोर बोलाचा नाय."

मोरानं वडे संपवले, खिरीत चोच घातली आणि सावकाश निघून गेला.

पुन्हा पान वाढलं. आता कावळे आले, आंब्यावर ओळीनं बसले, पण एकही खाली उतरेना. ऊन कललं. आई ओटीवर खांबाला टेकून बसली होती. तिचे ओठ सुकले होते.

"तुझे बाबा रागावलेत," ती म्हणाली. "जल्मभर ज्येका हाकलल्यानी, तेकाच तू त्यांचा पान खावक दिलंस. आता तूच बोल त्यांच्याशी."

सहदेव पानासमोर हात जोडून उभा राहिला.

"बाबा, आयेक दिल्ली दाखवतलंय."

कावळे ढिम्म.

"घरावर नवी कौलां घालतलंय."

एका कावळ्यानं पंख खाजवला.

"विडी सोडतलंय."

"तुमी विडी ओढतास?" सुगंधानं मागून विचारलं.

आता एकच गोष्ट उरली होती. पाणंदीच्या वाटेवर कुणी सरकारी माणूस नाही ना, हे सहदेवनं दुर्बिणीतून नीट पाहून घेतलं. मग पानावर वाकून तो पुटपुटला, "बाबा, रजा संपापर्यंत मळ्यातले मोर मी हाकलतलंय."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा उतरला आणि अख्खा वडा घेऊन गेला.

आई उठली. आत जाऊन तिनं खुंटीवरची गोफण आणली. सहदेवच्या गळ्यातली दुर्बीण काढून घेतली, गोफण त्याच्या हातात ठेवली आणि पानं मांडायला निघून गेली.